आवडती व्यथा सोबत आणा

"वरून चौथी ओळ वाचा," सेक्रेटरी म्हणाले.

नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून बसलेल्या गिऱ्हाइकाने चौथी ओळ अडखळत वाचली. पाचवीपाशी त्याने हात टेकले आणि तक्त्याच्या वर टांगलेल्या पाटीकडे मान वर केली. "ही मात्र येते वाचता. विज्ञानकथा मंडळ. हे अजून आहे का हो?"

"आहे," सेक्रेटरी भिंग बदलत म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे, येत्या रविवारपर्यंत आहे."

दुकान चष्म्यांचं होतं आणि मालक ते स्वतः होते, पण त्यांना चष्मेवाले असं कोणी म्हणत नसे. पंचवीस वर्षांपूर्वी मंडळ निघालं तेव्हा सेक्रेटरीपद दुसऱ्या कोणालाच नको होतं म्हणून ते यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे ते सेक्रेटरी झाले. खुद्द त्यांची बायको चारचौघांत त्यांचा उल्लेख "आमचे सेक्रेटरी" असाच करायची. तो करताना तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटायची, एवढंच.

मंडळाचा जन्म भांडणातून झाला होता. वाचनालयात विज्ञानकथांचा एक नवा संग्रह आला होता आणि प्रत एकच होती. ती दातांच्या डॉक्टरांनी नेली आणि परत करायचं नाव घेईनात. सेक्रेटरी रोज संध्याकाळी वाचनालयात खेटे घालत. शेवटी एक दिवस दोघांची ग्रंथपाल बाईंच्या टेबलापाशीच गाठ पडली.

"एवढंसं पातळ पुस्तक आणि इतके दिवस?"

"मी प्रत्येक कथेतलं गणित तपासतो. तिसऱ्या कथेतलं यान पृथ्वीवरून उडूच शकत नाही."

"अहो पण उडालं ना! पुढच्या पानावर मंगळावर पोचलंसुद्धा!"

"कसं पोचेल? इंधन कुठाय?"

आवाज एवढा चढला, की शेजारच्या पोस्टातले पोस्टमास्तर शिक्के मारायचे थांबवून काय झालं ते बघायला आले. बघता बघता तेही इंधनाच्या बाजूने भांडू लागले. ग्रंथपाल बाईंनी तिघांना मागच्या खोलीत बसवलं, पुस्तक मध्ये ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. तासाभराने त्या कडी काढायला गेल्या तेव्हा आतून चहाची मागणी आली. बाई चहा घेऊन गेल्या आणि तिथेच बसल्या. मंडळाची ती पहिली बैठक.

पुढे मंडळ चांगलंच वाढलं. हाताने लिहिलेला वार्षिक अंक निघू लागला. व्याख्यानं झाली, फूट पडली, समेट झाला. आणि मग कोणाचंच काही न बिघडता ते हळूहळू ओसरलं. कोणी बदलीच्या गावी गेलं, कोणी मुलांकडे. पोस्टमास्तर वारले तेव्हा तर मंडळाचा अर्धा आवाजच गेला. आता दुकानाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा तिघंच जमत. सेक्रेटरी, डॉक्टर आणि बाई. तिघांनीही एकमेकांची मतं इतक्या वेळा ऐकली होती, की डॉक्टर तोंड उघडायच्या आत बाई त्यांचं वाक्य पुरं करत.

"बंद करू या," डॉक्टर मागच्या बैठकीत म्हणाले होते. "पण नीट बंद करू या. पेशंटला न सांगता आपण दात काढत नाही."

"रविवारी दुपारी वाचनालयाचं सभागृह मोकळं असतं," बाई म्हणाल्या. "सेक्रेटरी, तुम्ही मंडळाचा इतिहास सांगा. फोटो काढू, चहा घेऊ आणि उठू."

सेक्रेटरींनी कपबशा उचलून मोरीत ठेवल्या आणि गरज नसताना बराच वेळ धुतल्या.

कार्यक्रमाची जाहिरात लिहायला ते बसले तेव्हा त्यांना दुसऱ्या शहरातल्या लेकीची आठवण झाली. गेल्या खेपेला आली असताना तिने बापाला फोनशी बोलून मजकूर लिहायला शिकवलं होतं. "बाबा, तुम्ही नुसतं बोला. तो लिहितो." सेक्रेटरींना ते फार भावलं होतं. ज्याची स्वप्नं पाहत मंडळाने उमेदीची वर्षं घालवली ते यंत्र आता खिशात होतं. मंडळाचा शेवटचा मजकूर त्याच्याच हातून लिहिला जावा, यात त्यांना एक प्रकारचं औचित्य वाटलं.

दुर्दैवाने त्या वेळी लेन्स घासायचं मशीन चालू होतं. ते सुरू असलं की दुकानात ग्लासातलं पाणीसुद्धा थरथरतं. सेक्रेटरींनी फोन तोंडाजवळ धरला आणि घरघरीच्या वरताण आवाजात, एकेक शब्द तोलून मजकूर सांगितला. "विज्ञानकथा मंडळ. पंचवीस वर्षे अखंड सेवा. येताना आपली आवडती कथा सोबत आणा. जाणकार मार्गदर्शन करतील. रविवारी दुपारी, वाचनालयाचे सभागृह. सर्वांचे स्वागत." पडद्यावर बारीक अक्षरं भराभर उमटली. ती त्यांनी वाचली नाहीत, कारण वाचायला जवळचा चष्मा लागला असता, आणि शहरातल्या अर्ध्या लोकांच्या नाकावर चष्मा चढवणारे सेक्रेटरी स्वतःला अजून तो लागत नाही यावर ठाम होते.

मजकूर छापखान्यात गेला. कागद छापून आले, वाचनालयात लागले, बसथांब्यावर लागले, बँकेत लागले. एक तर दुकानाच्या दारावरही लागला. सेक्रेटरी त्याच्या शेजारून दिवसातून कैकदा ये-जा करत होते. पण स्वतः लिहिलेलं माणूस वाचत नाही, नुसतं आठवतो.

रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, इतिहासाचे कागद छातीशी धरून वाचनालयात पोचले, तर सभागृह गच्च भरलेलं. मागे भिंतीला टेकून लोक उभे होते, दोघं तिघं खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "एवढी माणसं! आणि आपण बंद करायला निघालो होतो!"

"मलाही कळेना," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण सेक्रेटरी, त्यांच्या हातातल्या पिशव्या बघा. पुस्तकांच्या दिसत नाहीत."

खरोखरच दिसत नव्हत्या. एका पिशवीतून मिक्सरची वायर लोंबत होती. एका आजींनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रिमोट दोन्ही हातांनी धरला होता. कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक मांडीवर एक मोठी चपटी पिशवी घेऊन अवघडून बसले होते. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघून हसले, तेवढ्यात पिशवीतून एक करारी बाईमाणूस ओरडलं, "कालच्यापेक्षा जास्त!"

बेकरीवाले कानापर्यंत लाल झाले. "वजनकाटा आहे," ते ओशाळून म्हणाले. "मुलाने भेट दिलाय. बोलतो. आता थांबतच नाही. दुकानात गिऱ्हाइकांसमोर सुद्धा."

तेवढ्यात डॉक्टर दारातून आत शिरले. त्यांच्या हातात बसथांब्यावरून उपटून आणलेला कागद होता. "सेक्रेटरी, हे काय आहे?"

सेक्रेटरींनी कागद हातभर लांब धरला. मग आणखी लांब धरला. हात संपला तेव्हा डॉक्टरांनी कागद परत घेतला आणि स्वतःच वाचून दाखवला.

"विज्ञानव्यथा मंडळ. पंचवीस वर्षे अखंड सेवा. येताना आपली आवडती व्यथा सोबत आणा. जाणकार मार्गदर्शन करतील."

"व्यथा?"

"व्यथा. दोन्हीकडे व्यथा. आणि जाणकार म्हणजे आपण."

सेक्रेटरींनी सभागृहाकडे पाहिलं. म्हणजे यातला एकही माणूस मंडळाच्या प्रेमापोटी आलेला नव्हता. कोणाचा मिक्सर बिघडला होता, कोणाचा टीव्ही.

"सरळ सांगून टाका," डॉक्टर म्हणाले. "छपाईची चूक झाली, क्षमस्व, आपापल्या घरी जा."

सेक्रेटरी सांगायला उठले. पुढच्याच रांगेतल्या रिमोटवाल्या आजी त्यांच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. शेजारणीला त्या म्हणत होत्या, "बघ, पंचवीस वर्षं सेवा करतात म्हणे बिचारे, आणि आपल्याला ठाऊकच नाही. मी दोन बस बदलून आले. पण आवडती म्हणजे कोणती ते काही कळेना. मला तीन आहेत, पैकी ही आणली."

सेक्रेटरींनी हातातले कागद वर केले. "मंडळी," ते म्हणाले, "आपल्या व्यथांकडे वळण्यापूर्वी... आधी मंडळाचा थोडक्यात इतिहास."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

सेक्रेटरींना फक्त वेळ काढायचा होता. त्यांनी कागद उघडले. अक्षर त्यांचंच आणि ठळक होतं. "मंडळाच्या स्थापनेनंतर अल्पावधीतच सभासदांची संख्या..."

"कालच्यापेक्षा जास्त!" पिशवी ओरडली.

सभागृहात खसखस पिकली. बेकरीवाल्यांनी पिशवीवर स्वतःचं जाकीट दाबलं. सेक्रेटरी घाम पुसून पुढे वाचू लागले. "दुसऱ्या वर्षी मंडळाने हाती घेतलेल्या आकाशनिरीक्षण मोहिमेस अपेक्षित यश आले नाही."

"म्हणजे काय झालं?" मागून कोणीतरी विचारलं.

"यश आले नाही, इतकंच," सेक्रेटरी म्हणाले.

"इतकंच कसं?" बाईंना राहवलं नाही. "सांगा की नीट. अहो, आमच्या पोस्टमास्तरांना संध्याकाळी ढगांवर एक गोल उजेड फिरताना दिसला. झालं! आम्ही सगळे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर. परग्रहावरची माणसं आली तर त्यांच्याशी बोलायचं कसं? तर डॉक्टर म्हणाले, गणित सगळीकडे सारखंच असतं. म्हणून टॉर्च घेतला आणि दोनदा चमकवला, मग तीनदा, मग पाचदा, मग सातदा."

"मूळ संख्या," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

"मग?" आजींनी विचारलं.

"मग वरून काही नाही आलं. खालून पोलीस आले. ढगांवरचा उजेड सर्कसवाल्यांचा होता, आणि आमचा टॉर्च समोरच्या बँकेच्या खिडकीवर पडत होता. रखवालदाराला वाटलं, दरोडेखोर एकमेकांना खुणा करताहेत."

"पण तो हवालदार मूळ संख्या ऐकून घ्यायला तयार होता," डॉक्टर म्हणाले. "अकरापर्यंत ऐकल्या त्याने."

सभागृह हसून लोटपोट झालं. सेक्रेटरी हातातले कागद घेऊन बघतच राहिले. हा प्रसंग त्यांनी आजवर कोणाला सांगितला नव्हता, कारण तो त्यांना मंडळाच्या इतिहासावरचा डाग वाटत होता. लोकांना तर त्याच्याहून दुसरं काही नको होतं. "आणखी सांगा!" खिडकीतला एकजण म्हणाला. मग सेक्रेटरींनी कागद खाली ठेवले आणि फुटीचा किस्सा आपल्या तोंडाने सांगितला. भूतकथा विज्ञानकथेत मोडतात की नाही यावरून डॉक्टर अर्धे सभासद घेऊन कसे फुटले, वेगळ्या गटाच्या बैठका दवाखान्यात कशा भरू लागल्या, आणि तिथे बसायला पेशंटची खुर्चीच तेवढी असल्यामुळे महिन्याभरात सगळे गुपचूप परत कसे आले.

"कारण ते नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"कालच्यापेक्षा जास्त!"

या वेळी मात्र डॉक्टरांचा संयम सुटला. ते ताडताड बेकरीवाल्यांपाशी गेले, काटा पिशवीतून काढून उलटा केला, खिशातून एक बारीक चिमटा काढला आणि म्हणाले, "जरा दुखेल." चिमट्याच्या टोकाला बटणाएवढी बॅटरी चमकली. "काढली. नवीन बसवू नका."

बेकरीवाल्यांचे डोळे पाणावायचेच बाकी होते. टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांनी घात केला. जाणकार खरोखरच जाणकार आहेत, अशी सगळ्यांची खात्री पटली. मिक्सर पुढे आला. घड्याळं, इस्त्र्या, एक मुका रेडिओ, सगळं टेबलावर येऊन बसलं. पंचवीस वर्षं ज्यांनी काळाच्या पलीकडे जाणाऱ्या यंत्रांवर वाद घातला, ती तीन माणसं त्या ढिगाकडे हताशपणे बघत उभी राहिली. यातलं एकही उघडायचं कसं, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

एवढ्यात बँकेतल्या कॅशियर बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फक्त फोन होता. "माझं काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चालतोय, हीच अडचण आहे. रोज सकाळी हा मला जुने फोटो दाखवतो. या दिवशी काय झालं, त्या दिवशी काय झालं. आणि प्रत्येक फोटोत माझी बहीण. आम्ही बोलत नाही हो एकमेकींशी. यालाही कोणीतरी सांगा."

"मग तुम्हीच करा की तिला फोन," बेकरीवाले म्हणाले.

"मी का म्हणून? ती धाकटी आहे. तिने करावा."

डॉक्टर विचारात पडले होते. पेन्सिलीने हवेत काहीतरी मांडून ते म्हणाले, "बहिणीकडे असलाच फोन आहे का?"

"आम्ही एकदमच घेतले होते."

"मग तोही तिला रोज सकाळी तुमचेच फोटो दाखवत असणार. गणित दोन्हीकडे सारखंच चालतं."

कॅशियर बाईंनी फोनकडे पाहिलं. मग "जरा पाणी पिऊन येते" म्हणून बाहेर गेल्या. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारापलीकडे त्या फोन कानाला लावून येरझाऱ्या घालताना सगळ्यांना दिसत होत्या. हातवारे करकरून भांडत होत्या. पण बोलत होत्या.

सेक्रेटरींनी डॉक्टरांकडे नव्याने पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाचं गणित कोणाच्या उपयोगी पडल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

"आता कोण?" बाईंनी विचारलं.

"मी," अगदी पहिल्या रांगेतून एक शांत आवाज आला. "मी पहिल्यापासून हात वर करून बसलोय."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. करड्या स्वेटरमधले एक किरकोळ गृहस्थ होते, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. ते सेक्रेटरींच्या अगदी समोर होते आणि तरी सेक्रेटरींना दिसले नव्हते.

"हीच माझी व्यथा," कारकून म्हणाले. "मी दिसत नाही. माणसांचं सोडा, त्याची सवय आहे. पण आता यंत्रांनाही दिसत नाही. आपोआप उघडणारी दारं आहेत ना, ती माझ्यासाठी उघडत नाहीत. नळाखाली हात धरला तर पाणी येत नाही. लिफ्टचं दार माझ्या तोंडावर बंद होतं. मी मागे सरकतो, पुढे येतो, हात हलवतो. काही नाही. सुरुवातीला हसू यायचं. हल्ली वाटतं, आपण खरंच आहोत ना?"

कोणी हसलं नाही. डॉक्टरांचं गणितही इथे चालेना. तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या अंकात आलेली कथा! पोस्टमास्तरांची. यंत्रांना न दिसणाऱ्या माणसाची."

"हो की!" सेक्रेटरी ओरडलेच. "त्या वेळी शहरात असलं एकही दार नव्हतं!"

मग बाईंनी कथा सांगायला घेतली. पुढे जे शहर येणार होतं त्यातला तो माणूस. सगळी दारं यंत्रांची, आणि एकही दार त्याला ओळखत नाही. स्वतःच्या घरात शिरायलासुद्धा तो कोणीतरी यायची वाट बघत उभा राहतो. ऐकता ऐकता आजींच्या मांडीवरून रिमोट घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"मग? पुढे काय झालं?" कारकुनांनी विचारलं.

बाई थांबल्या. "पुढे... तो चोर होतो का हो, सेक्रेटरी?"

"चोर नाही. त्याच्यासारखीच एक मुलगी त्याला भेटते. दोघंही एकाच बंद दारापाशी अडकलेले असतात."

"साफ चूक," डॉक्टर म्हणाले. "तो यंत्रांचा कारखाना बंद पाडतो. मीच पोस्टमास्तरांना म्हणालो होतो, की हे शक्य नाही."

अंक कोणाकडेच उरला नव्हता, आणि पोस्टमास्तरही नव्हते. तिघं एकमेकांशी भांडू लागले. मग सभागृहही भांडू लागलं. बेकरीवाल्यांना त्या माणसाचं लग्न लावायचं होतं. आजींचं म्हणणं, तो आईकडे परत गेला असणार, आईचं दार हाताने उघडतं. खिडकीतल्या दोघांना कारखाना जाळायचा होता. आरडाओरडा पार रस्त्यापर्यंत ऐकू जाऊ लागला. सेक्रेटरी मध्येच थबकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. अगदी पहिल्या दिवशी, याच वाचनालयात, बाईंच्या टेबलापाशी असाच गलका झाला होता.

"थांबा!" ते म्हणाले. "यांना विचारा. तुम्ही सांगा, कारकूनसाहेब. तुम्हाला काय वाटतं?"

कारकून उभे राहिले. एवढी माणसं एकाच वेळी त्यांच्याकडे बघत असल्याची त्यांना सवय नव्हती. ते स्वेटरचं बटण चाळवत बोलले.

"मला वाटतं, त्याला काहीच करावं लागत नाही. दार उघडत नाही म्हणून तो उभा राहतो. थोड्या वेळाने कोणी ना कोणी येतंच. दार उघडतं, तो त्यांच्याबरोबर आत जातो. जाताजाता दोन शब्द बोलतो. असं करत करत शहरातल्या सगळ्यांशी त्याची ओळख होते. बाकीचे सरळ आत जातात, त्यांना कोणीच भेटत नाही." ते जरा हसले. "आज मी या बेकरीवाल्यांच्या मागून आत आलो. नाहीतर अजून बाहेरच असतो."

बेकरीवाले चटकन उठले आणि कारकुनांच्या शेजारची खुर्ची पकडून बसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चहा आला. पेल्यांबरोबर गप्पा सुरू झाल्या, आणि त्या गप्पांत आजींच्या रिमोटमध्ये सेलच घातलेले नाहीत असा शोध लागला. कॅशियर बाई लाल डोळ्यांनी आणि मोकळ्या चेहऱ्याने परत आल्या. सेक्रेटरींना बोलण्यासाठी पुन्हा उभं केलं गेलं. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता आभारप्रदर्शन होतं आणि आभाराच्या शेवटी मंडळ बंद झाल्याची घोषणा.

सेक्रेटरी बोलायला लागले. "मला आभार मानायचेत," ते म्हणाले, आणि पाठ केलेलं काहीच त्यांना आठवेना. "एका फोनचे मानायचेत. त्याला नीट ऐकू आलं नाही. छापखान्याचे मानायचेत, त्यांनी ते तसंच छापलं. आमच्या पोस्टमास्तरांचे मानायचेत. ते आज असते तर सर्वांत मोठ्याने ओरडले असते. आणि तुमचे. आम्ही तुमचं काही दुरुस्त करू शकलो नाही. खरं सांगू, आम्हाला येतच नाही. आम्ही नुसत्या कथा वाचणारी माणसं. कागदावर चूक झाली होती हो. तरी तुम्ही बसलात. मी फार..." वाक्य तसंच अर्धवट सोडून त्यांनी हात जोडले.

मग आजी म्हणाल्या, "ते असू दे. पुढची बैठक कधी?"

सेक्रेटरींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. डॉक्टर तोंड उघडणार तोच बाईंनी त्यांचं वाक्य पुरं केलं. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी. इथेच."

"मी तेच म्हणणार होतो," डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

सगळे पांगल्यावर सेक्रेटरी आणि त्यांची बायको खुर्च्या रचून ठेवत होते. चहाचं सगळं तिनेच बघितलं होतं, दर बैठकीला बघायची तसंच, आणि आज पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत बसून राहिली होती.

"अगं, तुझे आभार मानायचे राहिलेच," सेक्रेटरी अपराधी स्वरात म्हणाले.

"कसले? दुकानाच्या दारावर कागद चिकटवला त्याचे?"

"तू चिकटवलास? मग... तू वाचला नव्हतास?"

"वाचला ना. नीट वाचला."

"आणि तुला काही खटकलं नाही?"

"त्यात काय खटकायचं?" ती खुर्चीवर खुर्ची ठेवत म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही रात्री जेवताना तेच तर सांगता. लोक येत नाहीत, डॉक्टर ऐकत नाहीत, अंक निघत नाही. मला वाटलं, शेवटचाच कार्यक्रम आहे, तेव्हा निदान आता तरी खरं नाव लिहिलंय."

सेक्रेटरी खुर्चीच्या पाठीला धरून इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलं नाही. ती शेजारी येऊन बसली. रिकाम्या सभागृहात दोघंच.

"पुढच्या महिन्यात किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"चार. का गं? चहाचं मी बघेन, तू दमतेस."

"चहा तुम्हीच करायचा आहे. मी येणार आहे."

"तू? कथा ऐकायला?"

"कथा नाही. माझी पण आहे ना एक आवडती." ती पदराने हात पुसत उठली. "बरीच जुनी आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

ही व्यथा कोणाविषयी असणार, हे सेक्रेटरींना न सांगताच कळलं. पण मंडळाला एक सभासद वाढला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, "बाईसाहेब, वेळ साधारण किती लागेल?"